‘डाउट’ की ‘सस्पेक्ट’: जवळच्या अर्थाच्या इंग्रजी शब्दांतून नेमका शब्द कसा निवडावा

इंग्रजी लिहू लागलेल्या माणसाची पहिली अडचण शब्द न सापडण्याची असते. वाचन वाढते तशी ती बरीचशी सुटते आणि तिच्या जागी दुसरी, अधिक चिवट अडचण येऊन बसते: एकाच अर्थाचे वाटणारे चार शब्द समोर असताना त्यांतला कोणता घ्यावा, हे कळत नाही. मराठी-इंग्रजी शब्दकोशात ‘नाकारणे’ पाहिले, की ‘डिनाय’, ‘रिफ्यूज’, ‘रिजेक्ट’, ‘डिक्लाइन’ असे शब्द एका ओळीत, मध्ये केवळ स्वल्पविराम देऊन मांडलेले दिसतात. त्या स्वल्पविरामांमुळे चारांपैकी कोणताही शब्द उचलला तरी चालेल, असा समज होतो आणि नवशिक्याच्या लेखनातील बऱ्याच चुका या एका समजातून येतात. तो दूर व्हावा आणि निवड करण्याची एक क्रमवार पद्धत हाताशी असावी, यासाठी हा लेख आहे. व्याकरणाची परिभाषा त्यासाठी फारशी लागणार नाही. थोडा धीर मात्र लागेल.

आधी हे शब्द इतके का आहेत, ते थोडक्यात पाहू, कारण पुढे एका पायरीवर हा इतिहास प्रत्यक्ष उपयोगी पडतो. इ. स. 1066 मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले आणि त्यानंतर दीर्घकाळ तिथल्या दरबाराचा, न्यायालयांचा आणि सरदारवर्गाचा व्यवहार मुख्यतः फ्रेंच भाषेत चालला. सामान्य लोक मात्र आपली जुनी, जर्मानिक कुळातली इंग्रजीच बोलत राहिले. न्यायालयातील युक्तिवाद इंग्रजीतून व्हावेत असा कायदा 1362 मध्ये झाला, परंतु तोवर फ्रेंच शब्दांचा मोठा साठा इंग्रजीत मुरला होता आणि पुढे विद्वानांनी लॅटिनमधून थेट शब्द घेऊन त्यात आणखी भर घातली. त्यामुळे एकाच कल्पनेसाठी कधी कधी तीन थर सापडतात. विचारणे या क्रियेसाठी ‘आस्क’ हा जुना देशी शब्द, ‘क्वेश्चन’ हा फ्रेंचमधून आलेला आणि ‘इंटेरोगेट’ हा लॅटिनमधला. पहिला कोणीही कोणालाही उद्देशून वापरतो, दुसऱ्यात चौकशीचा सूर येतो आणि तिसऱ्यात समोर संशयित बसलेला असतो. मराठी वाचकाला हे नवे वाटू नये. आपल्याकडेही ‘डोळा’ आणि ‘नेत्र’ यांचा अर्थ एकच, तरी डोळा दुखतो, नेत्र दुखत नाही. तपासणी शिबिर मात्र नेत्रांचे भरते.

पहिली पायरी: मराठी शब्द सोडा, प्रसंग धरा

बहुतेक चुका शब्दकोश उघडण्याच्या आधीच झालेल्या असतात. आपण मनात एक मराठी शब्द धरतो आणि त्याचा इंग्रजी प्रतिशब्द शोधतो. पण तो मराठी शब्द स्वतःच दोन-तीन कामे करत असतो, हे मातृभाषा असल्यामुळे आपल्या लक्षात येत नाही. म्हणून शोध घेण्याआधी शब्द बाजूला ठेवून प्रसंग साध्या वाक्यात मांडावा: कोण काय करतो आहे, कोणाला उद्देशून, आणि वक्त्याला नेमके काय वाटते.

‘शंका’ हा शब्द घेऊ. ‘त्याने चोरी केली असावी, अशी मला शंका आहे’ आणि ‘त्याने चोरी केली असेल, याबद्दल मला शंका आहे’ ही दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहा. पहिल्यात वक्त्याला चोरी त्यानेच केली असे वाटते. दुसऱ्यात त्याने केली नसावी असे वाटते. मराठीत हा सगळा फरक ‘अशी’ आणि ‘याबद्दल’ हे दोन छोटे शब्द सांभाळतात, ‘शंका’ दोन्हीकडे तीच राहते. इंग्रजीत मात्र तो फरक क्रियापदातच येतो. ‘आय सस्पेक्ट दॅट ही स्टोल इट’ म्हणजे माझ्या मते चोर तोच. ‘आय डाउट दॅट ही स्टोल इट’ म्हणजे तो चोर असेल असे मला वाटत नाही. इथे चुकीचा शब्द निवडला तर वाक्य ओबडधोबड होते इतकेच नव्हे, त्याचा अर्थ थेट उलटा होतो आणि ज्याच्यावर संशय घ्यायचा त्याची आपण बाजू घेऊन बसतो. तक्रारीच्या किंवा चौकशीच्या पत्रात ही उलथापालथ किती महागात पडू शकते, याची कल्पना करता येईल.

याच शब्दाची आणखी एक बाजू आहे. वर्गात हात वर करून ‘मला एक डाउट आहे’ असे आपण सहज म्हणतो आणि तेच इंग्रजीत नेऊन ‘आय हॅव अ डाउट’ असे लिहितो. भारतीय इंग्रजीत ते रूढ आहे आणि इथल्या इथे कोणाचा गैरसमज होत नाही. परंतु इतर देशांतल्या वाचकाला त्यातून ‘तुमच्या म्हणण्यावर माझा पुरता विश्वास बसलेला नाही’ असा सूर ऐकू येण्याचा संभव असतो. काही विचारायचेच असेल तर ‘आय हॅव अ क्वेश्चन’ हे सरळ आणि निर्धोक आहे. मराठीत रुळलेले इंग्रजी शब्द इंग्रजी लिहिताना अशा रीतीने पुन्हा तपासून घ्यावेत, कारण इकडे येताना त्यांच्या अर्थात थोडाफार फरक पडलेला असतो आणि सवयीमुळे तो दिसत नाही.

आता ‘नाकारणे’कडे परत जाऊ. आपल्यावर ठेवलेला आरोप खरा नाही असे सांगणे, एखादी गोष्ट करायला नकार देणे, समोर आलेला प्रस्ताव विचार करून फेटाळणे आणि आमंत्रणाला नम्रपणे ‘नाही’ म्हणणे, हे चार वेगवेगळे प्रसंग आहेत. पहिल्याला ‘डिनाय’, दुसऱ्याला ‘रिफ्यूज’, तिसऱ्याला ‘रिजेक्ट’ आणि चौथ्याला ‘डिक्लाइन’ हे शब्द मुख्यतः लागतात. प्रसंग असा सुटा केला, की निम्मी निवड आपोआप होते. ‘मुख्यतः’ म्हणण्याचे कारण असे की सीमा काटेकोर नाहीत: परवानगी किंवा हक्क नाकारण्यासाठीही ‘डिनाय’ चालतो, आणि देऊ केलेली मदत ‘रिफ्यूज’ही करता येते, ‘डिक्लाइन’ही, दुसऱ्यात सौजन्य अधिक, एवढाच फरक.

‘सावली’ हेही याच जातीचे उदाहरण. उन्हापासून आडोसा देणारी जागा ती ‘शेड’ आणि प्रकाश अडल्यामुळे जमिनीवर उमटलेली आकृती ती ‘शॅडो’. झाडाच्या ‘शेड’मध्ये बसावे, आपल्यामागून चालते ती ‘शॅडो’.

दुसरी पायरी: योग्य शब्दकोश, आणि तो वाचण्याचा योग्य क्रम

या कामाला मराठी-इंग्रजी शब्दकोश पुरत नाही. इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी मुद्दाम तयार केलेला इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश हवा. अशा कोशांची परंपरा तुलनेने अलीकडची आहे. जपानमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या ए. एस. हॉर्नबी यांनी सहकाऱ्यांसह तयार केलेला कोश 1942 मध्ये तिथेच निघाला आणि 1948 मध्ये ऑक्सफर्डने तो प्रसिद्ध केला. आजचा ‘ऑक्सफर्ड अॅडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी’ हा त्याचाच वंशज. ‘लाँगमन’चा 1978 मधील कोश सुमारे 2000 सोप्या शब्दांतच सर्व व्याख्या देतो, आणि बर्मिंगहॅम विद्यापीठातील प्रकल्पातून 1987 मध्ये निघालेला ‘कोबिल्ड’ पूर्ण वाक्यातून अर्थ समजावतो. शब्द कोणत्या प्रकारच्या वाक्यात बसतो हे व्याख्येतच दिसत असल्यामुळे नवशिक्याला मी ‘कोबिल्ड’ची पद्धत सर्वांत उपयुक्त मानतो. या तिन्ही घराण्यांचे कोश आज इंटरनेटवरही पाहता येतात.

कोश उघडल्यावर आपण व्याख्या वाचतो आणि थांबतो. क्रम उलटा करावा. आधी उदाहरणवाक्ये वाचावीत, मग बारीक अक्षरांतील खुणा आणि शेवटी व्याख्या. जवळच्या अर्थाच्या दोन शब्दांच्या व्याख्या बहुधा सारख्याच दिसतात, किंबहुना अनेकदा एकाची व्याख्या दुसऱ्याच्या आधारे केलेली असते. खरा फरक उदाहरणांत असतो. ‘फॉर्मल’, ‘इन्फॉर्मल’, ‘डिसअप्रूव्हिंग’, ‘ओल्ड-फॅशन्ड’ या खुणा तर एका शब्दात निवड संपवतात, तरी त्यांच्यावरून नजर नेहमी घसरते.

समानार्थी शब्दांचा कोश, म्हणजे ‘थिसॉरस’, याविषयी एक इशारा देणे आवश्यक वाटते. पीटर मार्क रॉजे या इंग्लिश वैद्याचा सुप्रसिद्ध थिसॉरस 1852 मध्ये प्रकाशित झाला, तो शब्दांची कल्पनांनुसार गटवारी करणारा. त्यात अर्थ सांगितलेले नाहीत. शब्द ओळखीचा आहे पण ऐन वेळी आठवत नाही, अशा लेखकाला तो आठवून देणे हे त्याचे काम. ज्याला शब्द मुळातच परिचित नाहीत, त्याने त्या यादीतून सर्वांत भारदस्त दिसणारा शब्द उचलणे हे अंधारात हात घालण्यासारखे आहे. संगणकावर शब्दावर टिचकी मारून मिळणाऱ्या पर्यायांनाही हेच लागू पडते. यादीतून शब्द मिळाला, तर तो वापरण्यापूर्वी लर्नर्स डिक्शनरीत जाऊन त्याची उदाहरणे पाहावीत. ज्या शब्दाची तीन खरी वाक्ये आपण वाचलेली नाहीत, तो शब्द लेखनात घालू नये, असा नियम मी सुचवेन.

तिसरी पायरी: शब्दामागून काय येते

या पायरीकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. म्हणून इथे थोडे थांबू.

‘से’ आणि ‘टेल’ यांचा अर्थ विचारला, तर ‘म्हणणे’ आणि ‘सांगणे’ असे उत्तर मिळते आणि ते खोटे नाही. पण वाक्य लिहिताना त्या उत्तराचा फारसा उपयोग होत नाही. उपयोग होतो तो पुढील माहितीचा. ‘टेल’नंतर सहसा ऐकणारा लगेच यावा लागतो: ‘शी टोल्ड मी दॅट शी वॉज टायर्ड’. ‘से’नंतर बोललेली गोष्ट येते आणि ऐकणाऱ्याला आणायचेच असेल तर ‘टू’ लावावा लागतो: ‘शी सेड दॅट शी वॉज टायर्ड’, किंवा ‘शी सेड टू मी’. ‘शी सेड मी’ हे वाक्य होत नाही. ‘टेल’ला काही ठरावीक सवलती आहेत, त्या तशाच पाठ कराव्यात: ‘टेल द ट्रूथ’, ‘टेल अ लाय’, ‘टेल अ स्टोरी’. ‘स्पीक’ आणि ‘टॉक’ यांच्यामागून बहुधा ‘टू’ आणि माणूस, किंवा ‘अबाउट’ आणि विषय येतो. भाषा मात्र ‘स्पीक’ केली जाते, ‘टॉक’ नव्हे. ‘स्पीक’मध्ये एकाने बोलणे आणि इतरांनी ऐकणे हा भाव अधिक, ‘टॉक’मध्ये दोघांनी आळीपाळीने बोलणे.

हीच कसोटी ‘डिनाय’ आणि ‘रिफ्यूज’ला लावा. ‘रिफ्यूज’नंतर ‘टू’सह क्रियापद येते: ‘ही रिफ्यूज्ड टू साइन’, त्याने सही करण्यास नकार दिला. ‘डिनाय’नंतर ‘-इंग’चे रूप किंवा ‘दॅट’ने सुरू होणारे वाक्य येते: ‘ही डिनाइड साइनिंग इट’, आपण सही केलीच नाही असे तो म्हणाला. पहिल्या वाक्यातली सही पुढे व्हायची होती; दुसऱ्यातली, झाली असल्यास, मागेच झालेली आहे. रचना पाहिली की काळही उलगडतो आणि अर्थही. केवळ ‘नाकारणे’ धरून बसणाऱ्याच्या हाती हा फरक कधीच लागत नाही.

काही शब्दांच्या बाबतीत मराठी रचनाच इंग्रजीत उतरते. ‘विषयाबद्दल चर्चा केली’ या सवयीने ‘डिस्कस अबाउट’ लिहिले जाते, पण ‘डिस्कस’ला ‘अबाउट’ लागत नाही. तो हवाच असेल तर ‘टॉक अबाउट’ घ्यावे. ‘मला समजावून सांगा’ यावरून ‘एक्सप्लेन मी’ होते. हवे असते ‘एक्सप्लेन टू मी’.

नामांच्या बाबतीत, मोजता येते की नाही, एवढे पाहावे. ‘वर्क’ आणि ‘जॉब’ दोन्ही ‘काम’च, पण ‘नोकरी’ या अर्थी ‘अ जॉब’ म्हणता येते, ‘अ वर्क’ म्हणता येत नाही. ‘ट्रॅव्हल’ हा प्रवास करण्याचा सर्वसाधारण व्यवहार, म्हणून ‘अ ट्रॅव्हल’ नाही. एका ठिकाणाहून दुसरीकडे जाणे ती ‘जर्नी’, जाऊन परत येणे बहुधा ‘ट्रिप’, आणि समुद्रातून किंवा अवकाशातून दूरवर जाणे ती ‘व्हॉयेज’. शिकणाऱ्यांसाठीच्या कोशात मोजता येणाऱ्या नामापुढे ‘सी’ आणि न मोजता येणाऱ्यापुढे ‘यू’ अशी खूण असते.

चौथी पायरी: शब्दाची संगत

अर्थ जुळला आणि रचनाही जुळली, तरी वाक्य खटकू शकते, कारण शब्दांचे आपसांत जमावे लागते. आपल्या भाषेत पाऊस मुसळधार असतो, वारा सोसाट्याचा, धुके दाट, ऊन कडक आणि थंडी कडाक्याची. ‘सोसाट्याचे धुके’ कोणी म्हणत नाही, आणि का म्हणत नाही याचे कारण कोणताही नियम देत नाही. इंग्रजीतही तसेच: पाऊस ‘हेवी’, वारा ‘स्ट्राँग’, धुके ‘थिक’, वाहतूक पुन्हा ‘हेवी’. ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास शब्दांच्या या सहवासाला ‘कोलोकेशन’ असे नाव देऊन त्याकडे लक्ष वेधले, आणि शब्दाची ओळख त्याच्या संगतीवरून पटते, हा त्यांचा विचार आजच्या कोशरचनेच्या मुळाशी आहे.

‘मोठा’ या अर्थाचे तीन शब्द यासाठी चांगला सराव देतात. ‘लार्ज’ संख्या आणि प्रमाण यांच्याबरोबर शोभतो: ‘अ लार्ज नंबर’, ‘अ लार्ज अमाउंट’. चूक आणि निर्णय ‘बिग’ असतात: ‘अ बिग मिस्टेक’, ‘अ बिग डिसिजन’. अडचण, यश, आनंद यांसारख्या भाववाचक नामांना ‘ग्रेट’ बसतो: ‘ग्रेट डिफिकल्टी’, ‘ग्रेट सक्सेस’. आणि मोठा भाऊ हा ‘बिग ब्रदर’ किंवा ‘एल्डर ब्रदर’. ‘लार्ज ब्रदर’ म्हटले तर तो अंगाने आडवा आहे एवढेच कळेल. हे नियमांनी शिकण्यापेक्षा जोड्यांनी शिकावे. ‘डिसिजन’ हा सुटा शब्द वहीत उतरवण्याऐवजी ‘मेक अ डिसिजन’ अशी जोडीच उतरवली, तर ‘डू’ की ‘मेक’ हा प्रश्न पुन्हा उद्भवत नाही.

पाचवी पायरी: सूर आणि पसंती-नापसंती

आरंभी सांगितलेला इतिहास इथे कामी येतो. जुन्या देशी थरातले शब्द रोजच्या बोलण्यातले, फ्रेंच-लॅटिन थरातले शब्द कागदोपत्री व्यवहारातले, असा ढोबळ कल आहे. त्याला अपवाद पुष्कळ आहेत, पण अंदाज घ्यायला तो पुरतो. ‘बाय’ आणि ‘पर्चेस’, ‘हेल्प’ आणि ‘असिस्ट’, ‘स्टार्ट’ आणि ‘कमेन्स’ या जोड्या पाहा. मित्राला लिहिलेल्या पत्रात ‘कमेन्स’ अवघडल्यासारखा दिसतो. नवशिक्याला जड शब्दांचा मोह होतो, कारण त्यांतून विद्वत्ता दिसेल असे वाटते. प्रत्यक्षात शंका असेल तिथे साधा शब्द घेणेच सुरक्षित, कारण साधा शब्द औपचारिक मजकुरात सहसा खटकत नाही, जड शब्द मात्र घरगुती मजकुरात लगेच खटकतो.

दुसरा प्रश्न पसंतीचा. ‘स्लिम’ म्हणजे सडपातळ आणि त्यात कौतुक आहे; ‘थिन’ तटस्थ; ‘स्किनी’ म्हणजे हडकुळा, आणि ऐकणाऱ्याला तो लागू शकतो. ‘चाइल्डलाइक’मध्ये बालसुलभ निरागसता आहे, ‘चाइल्डिश’मध्ये पोरकटपणाचा ठपका. ‘फेमस’ आणि ‘नोटोरिअस’ यांत प्रसिद्धी दोन्हीकडे आहे, पण दुसरी दुष्कीर्ती आहे. एखाद्या आदरणीय शिक्षकांना गौरवाच्या भरात ‘नोटोरिअस’ म्हटले, तर तो अपमानच होईल. माणसांविषयी लिहिताना ही पायरी कधीही गाळू नये.

केवळ दिसायला सारख्या असलेल्या शब्दांविषयी फार बोलण्याचे कारण नाही. ते एकदा लक्षात ठेवले की पुरे. ‘इकॉनॉमिक’ म्हणजे अर्थव्यवस्थेसंबंधीचे, ‘इकॉनॉमिकल’ म्हणजे काटकसरीचे. ‘सेन्सिबल’ समंजस, ‘सेन्सिटिव्ह’ संवेदनशील. ‘हिस्टॉरिकल’ म्हणजे इतिहासासंबंधीचे, तर ‘हिस्टॉरिक’ म्हणजे इतिहासात नोंद व्हावी इतके महत्त्वाचे. आपला ‘ऐतिहासिक’ दोन्हीकडे चालतो, म्हणून इथे घोटाळा होतो.

सहावी पायरी: खऱ्या वापराशी ताडून पाहणे

एवढे करूनही दोन शब्दांत मन अडले, तर लोक प्रत्यक्षात काय लिहितात ते पाहावे. त्यासाठी कॉर्पस, म्हणजे खऱ्या लेखनाचे आणि बोलण्याचे मोठे संगणकीय संग्रह, उपलब्ध आहेत. ‘ब्रिटिश नॅशनल कॉर्पस’मध्ये विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील ब्रिटिश इंग्रजीचे सुमारे 10 कोटी शब्द आहेत, अमेरिकन इंग्रजीच्या ‘कोका’ या संग्रहात 1990 ते 2019 या काळातील 100 कोटींहून अधिक शब्द आहेत. ‘गूगल’ने 2010 मध्ये सुरू केलेल्या ‘एनग्रॅम व्ह्यूअर’मध्ये दोन शब्दप्रयोग स्वल्पविराम देऊन टाकले, की छापील पुस्तकांत कोणता किती आढळतो याचा आलेख मिळतो. ‘हेवी रेन’ आणि ‘स्ट्राँग रेन’ हे दोन शब्दप्रयोग तिथे टाकून पाहावेत. पहिल्याची रेषा कुठे आणि दुसऱ्याची कुठे, हे पाहिल्यावर चौथी पायरी कायमची लक्षात राहते. साध्या सर्च इंजिनने दाखवलेल्या निकालांच्या संख्येवर मात्र विसंबू नये. ती अंदाजी असते, आणि चुकीचे इंग्रजीही तिच्यात मोजलेले असते.

आता एक वाक्य या सर्व पायऱ्यांवरून नेऊ: ‘त्यांनी आमचा प्रस्ताव नाकारला, पण कारण सांगितले नाही.’ प्रसंग प्रस्ताव फेटाळण्याचा, म्हणून ‘डिनाय’ बाद. ‘रिफ्यूज’ची उदाहरणे पाहिली तर तो देऊ केलेल्या वस्तूबरोबर, विनंतीबरोबर किंवा क्रियापदाबरोबर अधिक दिसतो, ‘प्रपोजल’ची नेहमीची संगत ‘रिजेक्ट’शी आहे. पत्र समोरच्या संस्थेलाच लिहायचे असेल आणि संबंध राखायचे असतील, तर ‘डिक्लाइन’ने धार कमी होते, मित्राला सांगायचे असेल, तर ‘टर्न डाउन’ अधिक मोकळे वाटते. उत्तरार्धात ‘सांगणे’ आहे म्हणून ‘सेड द रीझन’ लिहिण्याचा मोह होईल, पण इंग्रजीत कारण ‘दिले’ जाते: ‘गिव्ह अ रीझन’. शेवटी वाक्य उभे राहते ते असे: ‘दे रिजेक्टेड अवर प्रपोजल बट गेव्ह नो रीझन.’

अशा रीतीने सोडवलेली प्रत्येक जोडी वहीत नोंदवावी आणि नोंद करताना मराठी अर्थ लिहिण्याऐवजी दोन्ही शब्दांचे एकेक पूर्ण वाक्य लिहावे, शक्यतो आपल्याच कामातले, कारण तेच पुन्हा लागते. एका वेळी दोनच शब्द घ्यावेत. चार एकदम घेतले तर ते आठवड्याभरात एकमेकांत मिसळतात. काही दिवसांनी वाक्यांतील तो शब्द झाकून जागा भरून पाहावी, आणि जिथे अजूनही अडखळायला होते तिथे कोशातील उदाहरणे पुन्हा वाचावीत.